आपली बाटली आपण हलवायची नाही

इंग्लंडमध्ये विमान शिकणारा माणूस उडतो कमी आणि बसतो जास्त. ढग खाली आले, की बसा. वारा आडवा झाला, की बसा. हीटरजवळ चहाचे मग घेऊन चार माणसं बसली, की कोणीतरी म्हणतंच, "त्या दिवशी काय झालं, माहितीये?" आमच्या एअरफील्डवर असे किस्से इतके साठलेत, की ऐकता ऐकता सूप गार होतं आणि बाहेर ढग वर गेलेले कोणाच्या लक्षातही येत नाही.

नॉटिंगहॅमपासून अर्ध्या तासावर शेतांच्या मधे एक रनवे, शेजारी एक कॅफे आणि कॅफेच्या डोक्यावर काचेची एक खोली. त्या खोलीत रेडिओ आहे आणि रेडिओसमोर मी. जीसीएसई, म्हणजे इथली दहावी झाल्यावर मी शाळा सोडली. मार्कांपेक्षा मला वर्गात बोलायची भीती जास्त होती. मास्तरांनी नाव घेतलं, की कान गरम व्हायचे आणि वाक्य घशात अडकायचं. आज मला पगार मिळतो तो बोलण्याचाच! आई अजून म्हणते, "ओंकार, देवाला विनोद कळतो बघ."

पण माझं बोलणं वेगळं आहे. मी कंट्रोलर नाही. मोठ्या विमानतळावरचा कंट्रोलर पायलटला सांगू शकतो, की डावीकडे वळ, थांब, वर जा. मला तसं सांगायची परवानगी नाही. मी फक्त माहिती द्यायची: वारा कुठून आहे, कुठला रनवे चालू आहे, आसपास कोण आहे. पुढे काय करायचं ते पायलटनं ठरवायचं. खरं सांगायचं तर ही नोकरी मला आवडली ती त्यामुळेच. कोणालाही काही करायला सांगायचं नाही.

आमचे बरेचसे किस्से एकाच जातीचे आहेत. दोन विमानं हवेत एकमेकांच्या फार जवळून गेली. इथे त्याला एअरप्रॉक्स म्हणतात. त्याचा फॉर्म असतो, चौकशी असते. माणसं ते हसत सांगतात, पण सांगताना चहाचा मग दोन्ही हातांनी धरतात.

यातला एक किस्सा मी वर्षभर कोणाला सांगितला नव्हता. तो बापटकाकांचा होता, आणि बापटकाकांनाच माहीत नव्हता.

*

आधी बाटल्यांचं सांगतो.

मॉरीन आमची चीफ इन्स्ट्रक्टर. साठी उलटलीये, उंचीनं माझ्या खांद्याला लागते, पण ती कॅफेत शिरली की पायलट लोक खुर्चीत सरळ होतात. नॉटिंगहॅमच्या जुन्या माणसांसारखी ती सगळ्यांना प्रेमानं 'डक' म्हणते. रागावली तरी डकच.

कोणाचं एअरप्रॉक्स झालं, की फॉर्म भरायच्या आधी मॉरीन दोघांनाही खिडकीजवळच्या टेबलावर बसवते. ब्राऊन सॉसची बाटली म्हणजे एकाचं विमान, केचपची दुसऱ्याचं. काठावरची मिठाची डबी म्हणजे माझी काचेची खोली. कोण कुठे होतं, ते बाटल्या हलवून दाखवायचं.

पूर्वी जो तो आपापली बाटली हलवायचा. "मी इथे होतो," म्हणत एक जण ब्राऊन सॉस टेबलाच्या या टोकाला न्यायचा. "आणि मी इथे," म्हणत दुसरा केचप त्या टोकाला. टेबल संपायचं, पण विमानं जवळ यायची नाहीत! मग फॉर्म तरी कशाचा भरायचा?

एक दिवस मॉरीननं दोघांच्या हातांवर चमचा मारला.

"आपली बाटली आपण हलवायची नाही, डक. त्यानं तुझी हलवायची, तू त्याची."

दोघांनी एकमेकांच्या बाटल्या धरल्या आणि सरकवल्या. टेबलाच्या बरोबर मध्यावर बाटल्या एकमेकींवर आपटल्या. ब्राऊन सॉसचं झाकण उडालं.

"हं," मॉरीन म्हणाली, "आता फॉर्म आण."

*

आमच्या उत्तरेला एक जलाशय आहे. त्याच्या धरणावर पोचलं, की पायलटनं रेडिओवर कळवायचं, 'मी धरणावर आहे.' सगळ्यांना सापडावी म्हणून ठरवलेली ती खूण.

एका स्वच्छ रविवारी तीन विमानांनी मिनिटाच्या आत तेच कळवलं. तिघंही धरणावर, तिघंही एकाच उंचीवर. मी एकेकाला बाकी दोघांची माहिती देत होतो, पण माझं वाक्य पुरं व्हायच्या आत ते एकमेकांना दिसले. फार मोठे दिसले. एकानं नंतर सांगितलं, "समोरच्या बाईच्या हातातलं सँडविच दिसलं मला."

खाली उतरल्यावर तिघांनीही टॅबलेट पुढे केले. टॅबलेटच्या नकाशावरची आपापल्या वाटेची रेघ बरोबर धरणाच्या मध्यातून जात होती. चूक कोणाचीच नव्हती. तिघंही तंतोतंत बरोबर होते.

कोपऱ्यात रेज बसला होता. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, अजूनही कागदाच्या नकाशावर उडणारा. चहाचा घोट घेऊन म्हणाला, "आमच्या वेळी धरण कोणाला सापडायचंच नाही. एक मैलभर इकडून जायचा, दुसरा मैलभर तिकडून. म्हणून तर म्हातारे झालो!"

*

आता बापटकाका.

काका म्हणजे डॉक्टर बापट, भूल देणारे. चाळीस वर्षं इथल्या हॉस्पिटलात काढली. माझी आई त्यांच्याच ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स होती. मी शाळा सोडली तेव्हा घरात आठवडाभर कोणी धड जेवलं नव्हतं. काकाच येऊन म्हणाले, "वहिनी, पोराला माझ्याबरोबर एअरफील्डवर पाठवा. तिथे अप्रेंटिस हवाय." काकू गेल्यावर काकांकडे दोनच गोष्टी उरल्या होत्या, बुधवारचा ब्रिजचा डाव आणि ते पंख खाली असलेलं जुनं विमान. ब्रिजमध्ये ते हरायचे.

त्यांच्या मुलानं त्यांना एक छोटी डबी दिली. जवळ दुसरं विमान आलं, की ती ओरडते. फक्त त्या दुसऱ्या विमानातही तशीच डबी हवी.

त्या दुपारी काका वर गेले आणि दहाच मिनिटांत रेडिओवर आवाज आला.

"माझ्या मागे कोणीतरी आहे."

मी बघितलं. आकाश रिकामं होतं. मी सांगितलं, की आसपास कोणी असल्याची माहिती नाही.

"अरे, माझ्याच उंचीवर आहे! मी वळलो, की वळतो. मी वर गेलो, की वर येतो!"

काकांनी वीस मिनिटं त्याला चुकवायचा प्रयत्न केला. उतरले तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. मॉरीननं विमानाचं दार उघडलं, मागच्या सीटवरची बॅग उपसली आणि तळातून दुसरी डबी काढली. मागच्या वर्षी विकत घेतलेली, चालूच राहिलेली. दोन्ही डब्या एकमेकींना घाबरून ओरडत होत्या.

"डॉक्टर," मॉरीन म्हणाली, "इतकी वर्षं तुम्हाला सांगतेय, आजूबाजूला बघा. आज पहिल्यांदा बघितलंत, तेही स्वतःलाच!"

कॅफे हसला. काकाही हसले. पण त्या संध्याकाळी त्यांनी दोन्ही डब्या घरी नेल्या आणि परत आणल्या नाहीत. "नको ती भुताटकी. डोळे आहेत ना मला," म्हणाले.

डोळे होते. पण मान पूर्वीसारखी वळत नव्हती. ते मला खिडकीतून दिसायचं.

*

अनघाताई म्हणजे अनघा देवधर, पुण्याहून आलेली, ए अँड ईमध्ये, म्हणजे हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत, ज्युनिअर डॉक्टर. नाइट शिफ्ट संपवून दोन तास झोपून शिकायला यायची. कॅफेत तिनं माझं नाव ऐकलं आणि म्हणाली, "मराठी? बरं झालं! इथे मला शिव्या कोणाला द्यायच्या तेच कळत नव्हतं."

एका शनिवारी ती मॉरीनबरोबर डावीकडून उतरायला आली आणि एक शिकाऊ मुलगा त्याच्या इन्स्ट्रक्टरबरोबर चुकीच्या बाजूनं, उजवीकडून. दोघं समोरासमोर.

मुलगा रेडिओवर म्हणाला, "तुम्ही आधी जा."

अनघाताई म्हणाली, "नाही नाही, तुम्ही आधी."

दोघांनी एकमेकांना जागा द्यायला एकेक गोल मारला. गोल संपवून दोघं परत समोरासमोर! पुन्हा "प्लीज, आफ्टर यू." पुन्हा गोल. मी वर बसून वारा सांगत होतो. दुसरं काय सांगणार? कोणी आधी जायचं ते ठरवणं माझं काम नव्हतं. गोल मात्र दर वेळी जवळ सरकत होते.

तिसऱ्या वेळी अनघाताईचा आवाज बदलला. "मी नंबर दोन. तुम्ही नंबर एक. उतरा." मुलगा उतरला.

खाली आल्यावर मी म्हणालो, "ताई, तुम्ही एकदम ऑर्डरच सोडलीत."

"ए अँड ईमध्ये 'आधी तुम्ही' करत बसलं, तर मधे झोपलेला माणूस जातो," ती म्हणाली आणि बिस्किट बुडवून खाऊ लागली.

मला त्या रात्री झोप आली नाही. कारण त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात मी 'आधी तुम्ही'सुद्धा म्हणालो नव्हतो.

*

तो किस्सा असा.

उतरणारी विमानं फील्डभोवती एका चौकोनात फिरतात. सगळी एकाच बाजूला, एकाच उंचीवर. काका त्या चौकोनात होते, खिडकीसमोर, रनवेला समांतर. तेवढ्यात दुसऱ्या कुठल्यातरी फील्डवरचा एक पाहुणा पायलट आला. पाहुण्यानं फील्डच्या डोक्यावरून जाऊन पलीकडच्या मोकळ्या बाजूला उंची कमी करायची असते. तो चुकला. काकांच्या बाजूलाच खाली येऊ लागला.

मला दोघंही दिसत होते. काका सरळ पुढे बघत होते. पाहुणा त्यांच्या मागून, वरून, खाली खाली येत होता.

मी रेडिओचं बटण दाबलं. डोक्यात वाक्य जुळवत होतो. काकांना आधी सांगू की पाहुण्याला? पाहुण्याचं नाव काय? 'माहिती'च राहील असं कसं बोलू? आणि काकांना 'वळा' कसं म्हणू, ते मला नोकरी मिळवून देणारे! वाक्य चांगलं झालं होतं. फक्त ते तोंडातून आलं नाही. मी बटण सोडलं.

पाहुण्याचं चाक काकांच्या पंखावरून गेलं. मधे एक माणूस उभा राहिला असता, त्याहून जास्त जागा नव्हती. पाहुण्याला बहुधा काहीच कळलं नाही. तो न उतरता दक्षिणेला निघून गेला.

काका आले, चहा घेतला आणि जिना चढून वर माझ्याकडे आले.

"अरे, वरून काहीतरी सावली गेल्यासारखी वाटली. आणि रेडिओवर नुसतं खर्र झालं."

मी फॉर्मच्या गठ्ठ्याकडे बघत राहिलो.

"तू काही बोलला नाहीस, म्हणजे लांबच असणार. हो ना?"

"हो काका," मी म्हणालो.

त्या दिवशी टेबलावर बाटल्या आल्या नाहीत. पाहुणा नव्हता, फॉर्म नव्हता. त्यानंतर मात्र कोणी काकांना म्हणालं, की डॉक्टर, जरा सांभाळा, तर ते माझ्याकडे बोट दाखवायचे. "वर ओंकार बसलाय. जवळ काही आलं, तर तो बोलतो."

*

यंदा मे महिन्यात अनघाताईचा पहिला सोलो होता. पहिल्यांदा एकटीनं उडायचं, फील्डभोवती एकच फेरी. मॉरीन विमानातून उतरली, दार लावलं, पंखावर थाप मारली आणि गवतात जाऊन उभी राहिली. कॅफेत लेमन ड्रिझल केक कापायचा ठेवला होता.

अनघाताईचं विमान पंख वर असलेलं. त्यातून खालचं छान दिसतं, वरचं दिसत नाही. काकांचं पंख खाली असलेलं. त्यातून वरचं छान दिसतं, खालचं दिसत नाही. काका त्याच वेळी लांबून सरळ रेषेत उतरायला येत होते.

रनवेसमोर आलं, की 'फायनल' म्हणायचं. दोघांनी ते एकाच क्षणी म्हटलं. दोन जण एकदम बोलले, की रेडिओवर फक्त चिरकणं ऐकू येतं. तिला काका ऐकू आले नाहीत, काकांना ती ऐकू आली नाही, मला दोघंही नाही. मी मान वर केली.

एकाच रेषेत दोन विमानं. एक वर, एक खाली. दोन्ही खाली येत होती, पण वरचं जास्त वेगानं. एकाला खालचं दिसत नव्हतं, एकीला वरचं. आणि दोघांनाही वाटत होतं, की आपण एकटे आहोत.

गवतात मॉरीननं दोन्ही हात वर केले होते. तिच्याकडे रेडिओ नव्हता.

"गोल्फ लिमा पापा, क्लाइंब! क्लाइंब नाऊ!"

हा आवाज कोणाचा, असं मला वाटलं. माझाच होता, आणि हाक काकांच्या विमानाला होती. खाली कॅफेत लोक जेवायचे थांबले. पुढे मी म्हणालो, "तुमच्या खाली स्टुडंट आहे. सरळ वर जा." मग अनघाताईला फक्त एवढंच सांगितलं, "स्टुडंट इको किलो, कंटिन्यू."

काकांनी का म्हणून विचारलं नाही. चाळीस वर्षं थिएटरमध्ये काढलेला माणूस. कुठल्या आवाजाला आधी हात हलवायचा आणि मग विचारायचं, ते त्यांना माहीत असावं. त्यांच्या विमानाचं नाक वर झालं. खालून अनघाताई आली आणि सुरेख उतरली. वर बघून तिनं मला हात केला. तिला काहीच माहीत नव्हतं.

काका फिरून येऊन उतरल्यावर मी खाली आलो. मॉरीनला कॅफेतल्या लोकांनी सांगितलंच होतं. तिनं माझ्या हातात पेन दिलं. "ऑर्डर दिलीस तू. तुला परवानगी नाही."

"माहितीये."

"मग लिहून दे. अगदी तसंच लिही. एक शब्द बदलायचा नाही, डक." आणि तिनं माझा गाल दाबला. तिचे हात बर्फासारखे होते.

*

टेबल मांडलं गेलं. ब्राऊन सॉस काका, केचप अनघाताई. केक तसाच पडला होता.

काकांनी केचप धरलं आणि पार पुढे, टेबलाच्या टोकाशी नेऊन ठेवलं. "ही एवढी लांब असणार."

अनघाताईनं ब्राऊन सॉस उचललं आणि ते तिच्या हातातच राहिलं. "काका, मला तुम्ही दिसलाच नाहीत. कुठे ठेवू?" बाटली तशीच हवेत धरून ती बसली.

"अगं, ओंकार घाबरला," काका मराठीत म्हणाले. "मी त्याला दोष देत नाही, लहान आहे. पण गेल्या उन्हाळ्यात ती सावली गेली, तेव्हा बोलला का तो? नाही. कारण तेव्हाही लांबच होतं. हो ना रे?"

मॉरीनला मराठी येत नाही. ती माझ्याकडे बघत होती.

"लांब नव्हतं काका," मी म्हणालो.

"काय?"

"ते खर्र झालं होतं ना, ते मी होतो. मी बटण दाबलं होतं. मला सगळं दिसत होतं. बोलता आलं नाही."

काकांनी चष्मा काढला. "आणि नंतर? मी वर येऊन विचारलं होतं तुला."

"तुम्ही 'हो ना' म्हणालात. मी 'हो' म्हणालो."

मग काकांनी काठावरची मिठाची डबी उचलली आणि माझ्यासमोर ठेवली.

"दाखव," ते म्हणाले. "त्या दिवशीचं."

मी खुर्ची ओढून बसलो. पाहुण्याकरता मिरपुडीची डबी घेतली. ब्राऊन सॉस अनघाताईच्या हातातून घेऊन मिठासमोर ठेवलं, खिडकीला समांतर. मिरपुडी मागून आणली, वरून, खाली खाली. सावकाश आणली. बाटलीच्या झाकणापाशी थांबवायची होती. पण तिथे थांबायला जागाच नव्हती. टक् झालं.

काका त्या दोन वस्तूंकडे बघत राहिले. मग त्यांनी स्वतःच्या हातानं ब्राऊन सॉसची बाटली उचलली. मॉरीनचा हात चमच्याकडे गेला आणि मागे आला. काकांनी पेपर नॅपकिननं बाटलीचं झाकण नीट पुसलं, काउंटरपाशी गेले आणि विमान कायमचं हँगरमध्ये लावावं तशी ती बाकीच्या बाटल्यांच्या रांगेत फळीवर ठेवून दिली.

परत आले, तेव्हा आपल्या खुर्चीवर बसले नाहीत. टेबलाला वळसा घालून माझ्या बाजूला आले, खिडकीकडे, जिथे मीठ होतं.

"सरक जरा," म्हणाले.